प्रायॉरिटीच्या क्रमाने लावलेली लिंक्ड लिस्ट कर्नलमध्ये ठेवावी का?

रानवाट:
कोड रिव्ह्यूमध्ये हा शेरा हल्ली फार दिसतो: "क्रमवार लिंक्ड लिस्ट कशाला? सरळ हीप वापरा." (लिंक्ड लिस्ट म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडची साखळी; हीप म्हणजे सर्वांत वरचा घटक टोकाला ठेवणारी, बहुधा ॲरेवर रचलेली झाडासारखी रचना.) सिस्टिम्स प्रोग्रामिंगमध्ये हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

लिनक्स कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली) पीलिस्ट, म्हणजे प्रायॉरिटीच्या क्रमाने लावलेली लिस्ट, बघा. तिच्यात दोन साखळ्या असतात. एकीत सगळे नोड प्रायॉरिटीच्या क्रमाने, दुसरीत प्रत्येक पातळीचा फक्त पहिला नोड. वारीत आपली दिंडी शोधणारा माणूस प्रत्येक वारकऱ्याला विचारत बसत नाही, दिंड्यांचे क्रमांक बघत पुढे जातो, तसंच हे. लिस्टमध्ये हजार टास्क असले तरी नवा नोड बसवायला वेगवेगळ्या पातळ्या असतील तेवढीच पावलं लागतात, आणि रिअल-टाइमच्या पातळ्या ९९ आहेत. सर्वांत वरचा नोड लगेच हाती लागतो, मधला काढायला शोध लागत नाही. हीपमध्ये समान प्रायॉरिटीचे टास्क आल्या क्रमाने राहतीलच असं नाही. शिवाय त्याचा ॲरे भरला की नवी मेमरी मागावी लागते. स्पिनलॉक (जे धरून झोपता येत नाही असं कुलूप) धरलेला असताना ती कुठून आणणार?

अर्धविराम:
असहमत. मेमरीचा मुद्दा फक्त ॲरेवरच्या हीपला लागू होतो. रेड-ब्लॅक ट्रीचा (स्वतःचा तोल राखणाऱ्या क्रमवार झाडाचा) नोडही स्ट्रक्चरमध्येच बसवता येतो, आणि समान किल्ली (क्रम ठरवणारा आकडा) उजवीकडे टाकली की आल्याचा क्रम टिकतो.

कर्नलनेच काय केलं तेही सांगायला हवं होतं. आरटी-म्युटेक्सच्या (रिअल-टाइम टास्कसाठीच्या कुलपाच्या) वाटबघ्यांची यादी आधी पीलिस्टच होती. २०१४ मध्ये, ३.१४ आवृत्तीत, डेडलाइन शेड्यूलर (मुदत बघून कोणता टास्क आधी चालवायचा ते ठरवणारा भाग) आला आणि ती यादी रेड-ब्लॅक ट्रीवर गेली. डेडलाइन टास्कची तुलना मुदतीच्या वेळेवर होते. प्रत्येकाची मुदत वेगळी, म्हणजे जेवढे टास्क तेवढ्या पातळ्या. तुमची ९९ ची हमी तिथेच संपली.

आणि ९९ पावलं म्हणजे कमी नव्हेत. प्रत्येक नोड कॅशमध्ये (सीपीयूजवळच्या वेगवान मेमरीत) नसेल तर पावलाला साधारण १०० नॅनोसेकंद धरा. लॉक धरून दहा मायक्रोसेकंद चालत राहणं मला मान्य नाही.

खडूफळा:
पातळ्या ठरलेल्याच असतील तर तुम्ही दोघंही शोधत का बसता? प्रत्येक पातळीला एक लिस्ट, वर एक बिटमॅप, म्हणजे कोणत्या पातळीवर कोणी आहे ते दाखवणारी बिटांची ओळ. पहिला लागलेला बिट शोधला की काम झालं. लिनक्सची रिअल-टाइम रनक्यू (चालायला तयार टास्कची रांग) अशीच आहे. फ्रीआरटीओएसमध्येही (छोट्या उपकरणांसाठीच्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) तयार टास्कसाठी प्रत्येक प्रायॉरिटीची वेगळी लिस्ट असते.

रानवाट:
@खडूफळा, रनक्यू प्रत्येक सीपीयूला एक असते, म्हणून ते परवडतं. हेच फ्युटेक्सला (प्रोग्रामच्या कुलपांवर थ्रेडना थांबवण्या-उठवण्याच्या कर्नलच्या सोयीला) लावून बघा. ६४-बिट मशीनवर एका लिस्टचं डोकं (सुरुवातीचा दुवा) १६ बाइटचं, शंभर पातळ्यांचे १६०० बाइट. फ्युटेक्सच्या सामायिक हॅश तक्त्यात मुळात सीपीयूमागे २५६ बकेट (कप्पे, प्रत्येकात वाटबघ्यांची एक यादी) धरले आहेत. आठ सीपीयूंना २०४८ बकेट, म्हणजे ३२ लाखांहून जास्त बाइट, आणि त्यातली बहुतेक डोकी रिकामी. पीलिस्टचं डोकं फक्त १६ बाइटचं. शिवाय रिअल-टाइम नसलेले सगळे थ्रेड तिथे एकाच पातळीवर धरले जातात, त्यामुळे एरवी चालावं लागतं ते एखाद-दुसरं पाऊल.

@अर्धविराम, डेडलाइनचा मुद्दा बिनतोड आहे. किल्ली वेळेची असेल तर ट्रीच. पण ट्रीमधून नोड काढला की तोल सावरावा लागतो. टाइमआउट होऊन मधूनच उठणारे थ्रेड जिथे पुष्कळ असतात, तिथे हा फरक जाणवतो.

अर्धविराम:
फ्युटेक्सपुरतं मान्य. माझी खरी तक्रार पातळ्यांची दुसरी साखळी नसलेल्या, एकाच साखळीच्या नकलांबद्दल आहे. फ्रीआरटीओएसमध्ये क्यूवर थांबलेल्या टास्कची यादी तशी आहे. नवा टास्क बसवताना आधीच्या समान प्रायॉरिटीच्या प्रत्येकाला ओलांडावं लागतं. तिथे हे काम शेड्यूलर थांबवून होतं आणि टास्कही मोजकेच असतात, म्हणून निभावतं. तोच कोड उचलून शेकडो थ्रेडच्या सर्व्हरमध्ये टाकणं धोक्याचं आहे.

पायवाट_सी:
शिकवणारा म्हणून लिहितो. विद्यार्थी दोन ठिकाणी हटकून अडतात. पहिलं, लहान आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी असताना नवा नोड "माझ्यापेक्षा मोठा आकडा दिसला" तिथे थांबायला हवा. "मोठा किंवा समान" लिहिलं की शेवटी आलेला आधी उठतो, आणि एकाच पातळीची चाचणी घेतली नाही तर चूक दिसतच नाही.

दुसरं, पातळीचा पहिला नोड काढणं. काढण्याआधी त्याच पातळीतल्या पुढच्या नोडला दुसऱ्या साखळीत त्याच्या जागी बसवावं लागतं. ते राहिलं तर मुख्य साखळी शाबूत दिसते, पण ती पातळी शोधातून गायब होते. मग तिच्या वरच्या पातळीचा नवा नोड या पातळीच्या लोकांच्या मागे जाऊन बसू शकतो.

खडूफळा:
या दुसऱ्या चुकीसाठीच मी साध्या ड्रायव्हरमध्ये बिटमॅप मागतो. एकच यादी, आठ पातळ्या: १२८ बाइट आणि वर एक बाइटचा बिटमॅप. तिथे दोन साखळ्या सांभाळण्याचं कारण मला अजून कोणी दिलेलं नाही.

रानवाट:
आठ पातळ्या आणि एकच यादी असेल तर मीही बिटमॅपच घेईन. हजारो याद्या, बहुतेक रिकाम्या, मधूनच उठणारे टास्क: पीलिस्टसाठी भांडेन ते इथे.