पोलो जीटी टीएसआयला अ‍ॅडजस्टेबल कॉइलओव्हर टाकायचेत, घाटात आणि खड्ड्यात दोन्हीकडे चालतील असे कुठले?

कुंभार्ली_जीटी (पुणे)

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ इंजिन, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ७८ हजार किमी झालेत. पुढचा डावा शॉक लीक झालाय, व्हील आर्चमधे हात घातला की बोटांना काळं तेल लागतं, आणि उजवाही फार दिवस काढणार नाही असं मेकॅनिक म्हणाला. चारही बदलायचेच आहेत तर सरळ अ‍ॅडजस्टेबल कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक संच) टाकावेत असं वर्षभर डोक्यात आहे.

वापर सांगतो. आठवडाभर कोथरूड ते हिंजवडी. महिन्यातून एकदा गावी चिपळूणला, सातारा-उंब्रज-पाटण करून कुंभार्ली घाट उतरून. तो घाट मला फार प्रिय आहे, पहाटे पाचला निघायचं कारण तोच. पण बऱ्याचदा मागे आई-बाबा असतात आणि येताना डिकीत तांदूळ, नारळ, आंबे. शिवाय वर्षातून एकदा कोइम्बतूरला कारी स्पीडवेवर ट्रॅक डे करायची इच्छा आहे, अजून एकदाही जमलेलं नाही.

बजेट सव्वा लाख, थोडं वर गेलं तरी चालेल. यादीत बिलस्टीन बी१४, केडब्ल्यूचं व्ही१ किंवा व्ही३, आणि बीसी रेसिंगचं बीआर आहे. टायर आणि आर्चमधली ती मोठी फट कमी करायला गाडी २५ मिमी तरी खाली घ्यायचीय. ज्यांनी वापरलेत त्यांनी प्लीज सांगा कुठलं घेऊ.

स्पॅनर_बारा (कोल्हापूर)

भावा, माझ्या जीटीवर चार वर्षं कॉइलओव्हर आहेत आणि आंबा घाट महिन्यातून दोनदा होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुझी यादी नीट लाव, कारण ही सगळी एकाच जातीची नाहीत. बी१४ मधे फक्त उंची बदलते, डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी शॉक किती रोखतो ते) फॅक्टरीतून येतं तेच. व्ही१ पण तसंच. व्ही२ मधे रिबाउंड (शॉक उलगडतानाचा रोध) बदलता येतो, व्ही३ मधे रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दबतानाचा रोध) वेगवेगळे. बीसीच्या बीआरमधे ३० क्लिक (नॉबच्या पायऱ्या) असतात पण एकच नॉब दोन्ही एकदम बदलतो. बिलस्टीनमधेच डॅम्पिंगचा नॉब हवा असेल तर बी१६ कडे जावं लागतं आणि तिथे तुझं बजेट संपतं. तेव्हा अ‍ॅडजस्टेबल म्हणजे तुला नेमकं काय अ‍ॅडजस्ट करायचंय ते आधी ठरव. उंची माणूस एकदा लावतो आणि विसरतो, मी चार वर्षांत दोनदा बदलली असेल. क्लिक मात्र मी दर ट्रिपला फिरवतो.

दुसरं म्हणजे पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे (स्प्रिंग आणि शॉक एकाच जोडात), त्यामुळे खरा कॉइलओव्हर फक्त पुढेच. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा), तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा, उंची स्प्रिंगखालच्या थाळीने बदलते. मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) गाडीवर बसवल्यावर अ‍ॅडजस्ट होत नाही, हे अलाइनमेंटवाल्याकडे जायच्या आधी माहीत असू दे.

आता २५ मिमीबद्दल मनापासून सांगतो, तेवढी खाली घेऊ नको. मॅकफर्सनमधे गाडी खाली गेली की लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचा) कोन बदलतो आणि रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूपेक्षा जास्त वेगाने खाली जातं. म्हणजे गाडी दिसायला बसकी होते, पण वळणात झुकायला तिला उलट जास्त तरफ मिळते, आणि ते झाकायला मग कडक स्प्रिंग टाकावी लागते. मी पहिल्या वर्षी ४० मिमी खाली घेतलेली. हायवेला सुंदर वाटायची, आंबा घाटात मात्र वळणाच्या मधोमध खड्डा आला की पुढचं चाक बंप स्टॉपवर (शॉक पूर्ण दबला की अडवणाऱ्या रबरावर) आपटायचं आणि गाडी अख्खी लेन सोडून बाहेर सरकायची. समोरून एसटी आली असती तर काय झालं असतं याचा विचार अजूनही करवत नाही.

स्टुटगार्टकर

वरच्या पोस्टला पूर्ण सहमत, फक्त एक गोष्ट जोडतो जी भारतातून ऑर्डर करताना हमखास निसटते.

ही युरोपियन किट मुळात गाडी खाली घेण्यासाठीच बनतात. बी१४ घेतलंस तर साधारण ३० ते ५० मिमी खाली ही त्याची रेंज असते, म्हणजे सगळ्यात वरच्या सेटिंगलाही गाडी ३० च्या आसपास खाली. आणि हे मोजमाप इथल्या, जर्मनीतल्या पोलोपासून धरलेलं. चाकणला बनलेली पोलो मुळातच इथल्यापेक्षा उंच बसते, तेव्हा तुझ्या आत्ताच्या उंचीपासून मोजलंस तर फरक ३० पेक्षा जास्तच येणार. तुझी कागदावरची क्लिअरन्स १६८ मिमी आहे, त्यातून हे वजा कर, मग आई-बाबा आणि तांदळाचं पोतं वजा कर. आपल्याकडच्या आयआरसीच्या (रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमात स्पीड ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं आहे, पण गावागावात लोकांनी स्वतः घातलेले ब्रेकर कसे असतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

इथे जर्मनीत कॉइलओव्हर टाकले की गाडी टीयूव्हीकडे (गाड्या तपासणारी संस्था) न्यावी लागते, किटच्या सर्टिफिकेटमधे जी उंचीची मर्यादा लिहिलेली असते तिच्या आत आहे का ते मोजून बघतात आणि मगच कागदपत्रांत नोंद होते. थ्रेड (उंची लावायचे आटे) आणखी खाली जातोय म्हणून कोणी खाली घेत नाही. ती मर्यादा शॉकचा प्रवास किती उरतो यावरून ठरलेली असते, म्हणून आपल्याकडे कोणी विचारणार नसलं तरी ती पाळावी असं मला वाटतं.

ऑर्डर देण्याआधी हबमधे (चाक ज्यावर बसतं त्या भागात) जिथे स्ट्रट बसतो तिथला व्यास व्हर्नियरने मोज. गोल्फमधे ५० आणि ५५ मिमी असे दोन्ही प्रकार येतात आणि लोक चुकीचा मागवून बसतात, परत पाठवायचा खर्च नको होतो.

कुंभार्ली_जीटी (पुणे)

दोघांचेही खूप आभार, ३० मिमीवाली गोष्ट मला दोन दुकानदारांपैकी एकानेही सांगितली नव्हती. मग बीसीकडे मन वळतंय. पण मला कोणी सांगितलं की उंची वाढवायला स्प्रिंग घट्ट केली की गाडी कडक होते, ते खरं का? आणि क्लिक कसे लावायचे, काही सुरुवातीचा आकडा आहे का?

स्पॅनर_बारा (कोल्हापूर)

ते खरं नाही, आणि हा गैरसमज गॅरेजवाल्यांमधेही आहे. साधी लिनिअर स्प्रिंग ५ किलो प्रति मिमीची असेल तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) कितीही दे, ती ५ चीच राहते. प्रीलोड वाढवलास की गाडी वर उचलली जाते इतकंच, आणि चाकाला खड्ड्यात खाली लटकायला जी जागा असते ती कमी होते. म्हणूनच बीआरसारख्या किटमधे खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, उंची तिथून लावायची आणि स्प्रिंगच्या रिंगला उगाच हात लावायचा नाही. दोन किटची तुलना करताना युनिट बघ, १ किलो प्रति मिमी म्हणजे ९.८ न्यूटन प्रति मिमी, अमेरिकन साइटवर तेच ५६ पाउंड प्रति इंच लिहितात.

क्लिकचं असं आहे की नेहमी पूर्ण कडक टोकापासून मागे मोजायचं, कारण ते टोक पक्कं लागतं. वहीत लिहून ठेव, चारही चाकांचं. पुण्यात मऊ बाजूला ठेव आणि घाट सुरू व्हायच्या आधी तीन-चार क्लिक कडक कर, एकदम दहा नाही. खराब रस्त्यावर जास्त कडक ठेवलं तर काय होतं ते समज, कारण हेच लोकांना उलटं वाटतं. टोलनाक्याच्या आधी त्या पांढऱ्या रंबल पट्ट्या असतात ना, पहिल्या पट्टीवर चाक वर जातं, रिबाउंड घट्ट असल्याने खाली यायला वेळ लागतो, तोवर दुसरी पट्टी येते, मग तिसरी, गाडी प्रत्येक पट्टीला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर चालायला लागते. ड्रायव्हरला वाटतं स्प्रिंग कडक आहे, प्रत्यक्षात नॉब दोन-चार क्लिक सोडला की काम होतं.

आणि एक कळकळीने सांगतो, बसवताना स्वतः समोर उभा राहा. माझं पहिलं फिटिंग ज्या गॅरेजमधे झालं तिथे गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि तशाच अवस्थेत लोअर आर्मच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट पूर्ण आवळले. गाडी खाली उतरली तेव्हा प्रत्येक बुश पीळ घेऊनच बसला. पाच महिन्यांत पुढून कटकट आवाज, उघडून बघितलं तर रबर एका बाजूने फाटून लोंबत होतं. ते बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच फायनल टॉर्कला आवळायचे, मागच्या बीमचेही तसेच. वरचा माउंट आणि बेअरिंग ७८ हजाराला नवीनच टाक, किटसोबत येत नसेल तर वेगळा घे. नंतर अलाइनमेंट लगेच, कारण उंची बदलली की टो (चाकांचं आत-बाहेर वळलेलं तोंड) बदलतो आणि टायर आतल्या कडेने घासून जातो, बाहेरून उभं राहून बघितलं तर कळतही नाही.

पावसाळी_टायर (रत्नागिरी)

मी एकच मुद्दा लिहिते, गंज. आमच्या भागात चार महिने लाल चिखल आणि वर खारी हवा. माझ्या आधीच्या गाडीच्या कॉइलओव्हरची रिंग दोन पावसाळ्यांनी इतकी जाम झाली की सी-स्पॅनर (रिंग फिरवायचा पाना) घसरून माझ्या भावाची बोटं सोलली, आणि पुढे तिची उंची बदलणं सोडूनच द्यावं लागलं. केडब्ल्यूचं व्ही३ स्टेनलेस बॉडीत येतं, त्याला किनारपट्टीवर मोल आहे. दुसरं कुठलं घेतलंत तर जूनच्या आधी थ्रेड ब्रशने साफ करून अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा, ऑक्टोबरात पुन्हा एकदा. चिपळूणला गाडी उभी राहणार असेल तर हे टाळू नका.

दुसरं, तुम्ही सरळ स्टॉक उंचीचे चांगले डॅम्पर का टाकत नाही? बिलस्टीनचे बी६ स्टॉक स्प्रिंगसाठी असतात (बी८ हे खाली केलेल्या गाडीसाठी, ते नको), तुमच्या गाडीला बसणारा पार्ट नंबर व्हीआयएनवरून (चॅसी नंबर) तपासून घ्या. कोनीच्या स्पोर्टमधे रिबाउंड बदलता येतो, पण बऱ्याच गाड्यांत मागचा शॉक काढूनच तो फिरवावा लागतो हे लक्षात असू द्या. मागे वयस्कर माणसं बसणार असतील तर मी हाच मार्ग घेईन.

आणि इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे आरसीवरच्या तपशिलांशी न जुळणारा बदल करायला मनाई आहे. सस्पेन्शन आरसीवर लिहिलेलं नसतं, तरी क्लेमच्या वेळी वाद घालण्यापेक्षा आधी कळवलेलं बरं.

स्पॅनर_बारा (कोल्हापूर)

ताईंचा सल्ला चांगला आहे. काहीही मागवण्याआधी एक टेस्ट कर, खर्च शून्य. शॉकचा डस्ट बूट वर सरकवून रॉडवर एक झिप टाय बांध, सरकेल पण स्वतःहून घसरणार नाही इतपत, आणि शॉकच्या बॉडीला टेकवून ठेव. मग आई-बाबा आणि सामान घेऊन नेहमीच्या वेगाने चिपळूणला जा. टाय जिथे वर जाऊन थांबला असेल तिथपर्यंत शॉक दबला होता. बंप स्टॉपपर्यंत किती जागा उरली ते मोज. ते दुकानदार सांगू शकत नाही आणि आम्हीही नाही.

कुंभार्ली_जीटी (पुणे)

काल रात्री परत आलो, टेस्ट केली. लीक झालेला डावा सोडून उजव्या पुढच्या आणि दोन्ही मागच्या शॉकवर टाय बांधले होते. पाटणच्या पुढे एका पुलाच्या जोडावर मागून ठक्क झालं तेव्हाच अंदाज आला होता. घरी पोचल्यावर अंगणात मोबाईलच्या टॉर्चमधे बघितलं, मागचे दोन्ही टाय बंप स्टॉपमधे रुतून बसलेले. पुढे फक्त १४ मिमी उरली होती. आणि मी २५ खाली घ्यायला निघालो होतो. माझे शॉक थकलेत, त्यामुळे नव्यावर थोडं कमी दबेल हे मान्य, पण तेवढं नाही.

बाबांनी विचारलं आडवा पडून काय बघतोयस, त्यांना दाखवलं तर ते म्हणाले मागच्या सीटवर बसून मला हे पाठीत कळतच होतं. हे मी आधी विचारायला हवं होतं.

तर खाली घेणं रद्द. बीसीवाल्यांना मेल केलाय, दोन प्रश्न विचारलेत, मागची स्प्रिंग ऑर्डर करताना मऊ रेटची मिळेल का, आणि सगळ्यात वरच्या सेटिंगला हबच्या मध्यापासून आर्चपर्यंत अंतर किती भरतं. माझ्या गाडीचं ते अंतर चारही चाकांना मोजून मास्किंग टेपवर लिहून आर्चच्या आत चिकटवलंय. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा १० मिमीहून जास्त कमी आला तर व्हीआयएन टाकून बी६ बघणार. उत्तर आलं की इथेच लिहितो, तोवर एक सांगा, कोथरूड-वारजे बाजूला असं अलाइनमेंट सेंटर कोणाला माहीत आहे का जिथे आपण समोर उभं राहिलेलं त्यांना चालतं?