व्यापारी संघाची वर्गणी वाढवायची की ठेव मोडायची?

दादरचा_दुकानदार
आमच्या रस्त्यावरच्या व्यापारी संघाची सभा परवा झाली. वर्गणी महिना 50 रुपये, जकात होती तेव्हापासून तीच. 1 जुलै 2017 ला जकात जाऊन जीएसटी आला, मग लॉकडाऊन झाला, पण आकडा हलला नाही. रात्रीच्या वॉचमनचा पगारही त्यात निघत नाही. तूट भरतात दिवाळी स्मरणिकेच्या जाहिरातींतून. माझं मत: वर्गणी थेट 300 करा, मुदत ठेवीला हात लावू नका.

आठ_बाय_दहा
300? माझा गाळा केवढा, कोपऱ्यावरची तीन मजली शोरूम केवढी! दोघांना एकच वर्गणी? आणि ठेव काय लोणचं घालायला ठेवलीय? मोडा आणि कॅमेरे बसवा.

निवृत्त_हिशेबनीस
मोडू नका, पण आहे तिथे सगळी ठेवूही नका. पूर्ण रक्कम एकाच सहकारी बँकेत आहे. ठेव विमा 5 लाखांपर्यंतच, तोही 4 फेब्रुवारी 2020 पासून. आधी 1 लाखच होता. दुसरं, ‘संघाला कर नसतो’ हे डोक्यातून काढा. आपण करमाफीची नोंदणी घेतलेली नाही. सभासदांच्या वर्गणीवर कर नाही, बँकेच्या व्याजावर आहे. बंगलोर क्लबच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच ते स्पष्ट केलंय.

आठ_बाय_दहा
कराचं राहू द्या हो. स्मरणिकेचं मागचं पान जो घेतो तोच अध्यक्ष होतो, त्यावर बोला.

दादरचा_दुकानदार
अहो, म्हणून तर वर्गणी वाढवा म्हणतोय! 50 रुपयांत संघ चालवायचा तर जाहिरातवाल्याच्या दारात उभं राहावंच लागणार.

साडी_फॉल_पिको
आधी हिशेब दाखवा, मग पैसे मागा. ताळेबंदात ‘किरकोळ खर्च’ वॉचमनच्या पगारापेक्षा जास्त! खजिनदार म्हणतात, सगळं वहीत आहे. वही त्यांच्या घरी. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यायचा असतो, तो दिलाय का? बँकेत अजून वारलेल्या सेक्रेटरींचीच सही चालू आहे.

निवृत्त_हिशेबनीस
मग ठेव मोडायची म्हटली तरी मोडणार कोण?

दादरचा_दुकानदार
सोमवारी दुकानं बंद असतात, तेव्हा बँकेत जाऊ. ठराव आणि नव्या तिघांचे केवायसीचे कागद आणा. वही मी मागवतो. वर्गणी गाळ्याच्या क्षेत्रफळावर लावायला तयार आहे, पण 150 च्या खाली नाही.

आठ_बाय_दहा
100.