पाणी ९८ अंशांवर उकळले, तर प्रयोगवहीत काय लिहावे?

प्रश्न (पालक, इंदिरानगर, नाशिक)
माझी मुलगी नववीत आहे. पाण्याचा उत्कलनांक काढण्याच्या प्रयोगात तिच्या गटाच्या तापमापीतील पारा ९८ अंश सेल्सिअसवर स्थिरावला. वर्गातील बहुतेकांनी मात्र पुस्तकातला १०० हा आकडाच निरीक्षण म्हणून उतरवला. तिने ९८ लिहिले तर गुण जातील का? शिवाय कृती पुस्तकातल्याप्रमाणे ‘पाणी घ्या, तापवा’ अशीच लिहावी का?

उत्तर (विज्ञान शिक्षिका, पंचवटी)
९८च लिहावे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी असतो आणि पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. महाबळेश्वरला हाच प्रयोग केला, तर आकडा आणखी दोन-अडीच अंशांनी खाली येईल. म्हणजे ज्यांनी १०० लिहिले, त्यांनी निरीक्षण नोंदवलेलेच नाही.

निरीक्षण तक्त्यात केवळ शेवटचा आकडा देऊ नये. दर मिनिटाचे तापमान लिहावे, म्हणजे ९५, ९७, ९८, ९८, ९८ असा क्रम दिसतो आणि बर्नर चालू असूनही पारा पुढे का सरकला नाही, हा खरा मुद्दा वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो. निष्कर्ष असा लिहिता येईल: ‘नाशिक येथे केलेल्या प्रयोगात पाण्याचा उत्कलनांक ९८ अंश सेल्सिअस आढळला, प्रमाण वातावरणीय दाबाला तो १०० अंश असतो.’

कृतीविषयी सांगायचे, तर पुस्तक सूचना देते, वही झालेल्या कामाचा वृत्तान्त देते. म्हणून ‘चंचुपात्रात २०० मिलिलीटर पाणी घेतले, तापमापीचा फुगा तळाला टेकणार नाही अशा बेताने ती स्टँडला अडकवली’ असे भूतकाळात लिहावे. पाणी नळाचे होते की ऊर्ध्वपातित, हेही नोंदवावे.

उत्तर (निवृत्त प्रयोगशाळा सहायक, नाशिकरोड)
बाईंचे म्हणणे योग्यच आहे, परंतु दोन अंशांचा सगळा फरक उंचीच्या खात्यावर टाकण्याआधी तापमापी तपासलेली बरी. शाळेतल्या तापमापी वर्षानुवर्षे वापरात असतात आणि त्यांतल्या काही एखाद-दुसरा अंश कमी-जास्त दाखवतात. वितळत्या बर्फाच्या चुऱ्यात फुगा बुडवून पारा शून्यावर येतो का ते पाहावे आणि जे दिसेल ते वहीत एका ओळीत लिहावे. शून्याऐवजी १ दिसला, तर ९८ हा आकडाही विचार करूनच वापरावा लागेल.

तापमापीचे लघुतम माप १ अंश असताना ‘९८.२७’ असे लिहिणारी मुलेही मी पाहिली आहेत. एवढी अचूकता त्या काचेच्या नळीत नसते. चुकलेली नोंद खोडरबराने पुसू नये, एका रेघेने छेद देऊन शेजारी नवी लिहावी.

प्रश्नकर्ता पालक
मनःपूर्वक आभार. बर्फाची तपासणी करायला तिला सांगतो. पण तपासनीसांनी १०० चाच आग्रह धरला, तर?

उत्तर (विज्ञान शिक्षिका, पंचवटी)
तोंडी परीक्षेत तिने तक्ता दाखवावा आणि हवेच्या दाबाचे कारण सांगावे. उत्कलनांक दाबावर अवलंबून असतो, हे अभ्यासक्रमाबाहेरचे नाही. निष्कर्षाच्या वाक्यात दोन्ही आकडे असल्यामुळे पुस्तकातले मूल्य तिला ठाऊक आहे, हेही त्यांना दिसेल.