तारीख दुप्पट सांगणं म्हणजे क्लायंटला फसवणंच

पर्वरीकर: परवा इथे एकाने सल्ला दिला, सहा आठवड्यांचं काम असेल तर क्लायंटला बारा सांगा, आठव्यात दिलं की तो खूश. डोकंच फिरलं वाचून. कळंगुटच्या हॉटेलवाल्याला बुकिंगचं सॉफ्टवेअर ऑक्टोबरात सीझन लागायच्या आत हवं असतं, त्याला डिसेंबर सांगितलं तर तो आणखी एक सीझन वहीवरच काढणार. लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी अशी रेंज सांगा, पहिल्या डेमोनंतर परत एस्टिमेट द्या, तारीख कशाने हलेल ते लेखी द्या.

फोंडेकर: रेंज सांगितली की क्लायंटच्या कानात फक्त लवकरची तारीख शिरते. माझ्या क्लायंटने रूमचे फोटो दिले नाहीत, रेट दिले नाहीत, पेमेंट गेटवेच्या केवायसीचे कागद त्याच्याच सीएकडे पडून, आणि गो-लाइव्ह, म्हणजे सॉफ्टवेअर चालू व्हायची तारीख, चुकली म्हणून बोलणी मला. तारखेत जास्तीचा वेळ, म्हणजे बफर, नसता तर मेलोच होतो.

पर्वरीकर: मग "कागद मिळाल्यापासून चार आठवडे" असं लिहा ना! बफरमध्ये झाकलंत तर उशीर त्याच्यामुळे होतोय हे त्याला कळणार कधी?

म्हापसेकर: आणि चवथीचं काय? पुण्याचा क्लायंट नेमकं तेव्हाच यूएटी (क्लायंटने सॉफ्टवेअर स्वतः वापरून तपासणं) ठेवतो, वर म्हणतो गणपती दीड दिवसाचा ना, तिसऱ्या दिवशी लॉगिन करा.

वास्कोवाली: दरवर्षी हेच रडगाणं. चवथ कधी ते कॅलेंडरात छापलेलं असतं, प्लॅनमध्ये टाकायला काय होतं?

म्हापसेकर: टाकली होती हो, सहीसुद्धा घेतली होती! तरी गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची माटोळी बांधायला शिडीवर चढलेलो असताना फोन, रिपोर्ट का उघडत नाही म्हणून. घरचे सगळे खाली ताटकळत.

वास्कोवाली: उचललात कशाला? तुम्हाला नाही म्हणता येत नाही, तारखेला दोष कशाला देता.

म्हापसेकर: पोरांचे पगार तुम्ही देणार का? नोकरीत बसून असले सल्ले देऊ नका.

फोंडेकर: भांडण पुरे. 2025 मध्ये 7500 रुपयांपर्यंतच्या रूमवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, 3 सप्टेंबरला जाहीर, 22 पासून लागू. सीझनच्या तोंडावर सगळं बिलिंग तपासत बसलो. हे कुठल्या रेंजमध्ये बसवणार होतात?

पर्वरीकर: बरं, बफर लागतो, मान्य. पण तो क्लायंटला दाखवून ठेवा.

फोंडेकर: दाखवलेला बफर पहिल्याच मीटिंगला कापला जातो. कागदांची अट तेवढी पटली, पुढच्या कोटेशनमध्ये घालतो. तारीख मात्र मी दुप्पटच सांगणार.