बोधिसत्त्व राहिलाच की!
'सारनाथचं संग्रहालय म्हणजे सिंहशीर्ष (अशोकस्तंभावरचे ते सिंह), बाकी अर्ध्या तासात उरकतं' असं एकाने लिहिलंय, ते काही पटलं नाही. भिक्षू बलाने दिलेला उभा बोधिसत्त्व (बुद्धत्वाच्या वाटेवर असलेला) बघितलात का? इथल्या बहुतेक मूर्ती जवळच्याच चुनारच्या फिकट दगडातल्या, हा मात्र लाल, त्यावर पांढुरके ठिपके. दगड मथुरेकडचा. कुषाण राजा कनिष्काच्या राज्यवर्ष 3 चा लेख आहे त्यावर. एवढं अगडबंब धूड त्या काळी इतक्या लांब आणलं कसं, कोण जाणे! दोन पायांच्या मधे छोटासा सिंह आहे, तो हमखास नजरेतून सुटतो. डोक्यावरची दगडी छत्री वेगळी ठेवलीय, तिची कमळाची नक्षी आतल्या बाजूला आहे. आणि हो, शुक्रवारी संग्रहालय बंद असतं.