सुरुवात १९७० च्या खूप आधीची आहे

वर एकांनी लिहिलंय की आफ्रिकन-अमेरिकन स्पोकन वर्डच्या, म्हणजे गाण्याऐवजी बोलून सादर केलेल्या कविता-भाषणांच्या, रेकॉर्ड्स १९७० ला लास्ट पोएट्स हा कवींचा गट आणि कवी-गायक गिल स्कॉट-हेरन यांच्यापासून सुरू झाल्या. दोघंही थोरच, पण मला वाटतं हा धागा थेट चर्चपर्यंत मागे जातो. अटलांटाचे रेव्हरंड जे. एम. गेट्स १९२६ मध्येच तबकड्यांवर प्रवचनं देत होते, जेमतेम तीन मिनिटांत सगळं बसवून.

मग डेट्रॉइटचे धर्मोपदेशक सी. एल. फ्रँकलिन, म्हणजे गायिका अरीथा फ्रँकलिनचे वडील. जो व्हॉन बॅटल नावाचा एक रेकॉर्डवाला त्यांची प्रवचनं रेकॉर्ड करायचा आणि पुढे शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीने ती देशभर विकली. ऐकाच एकदा, आधी अगदी शांतपणे गोष्ट सांगतात, मग आवाज चढत जातो, समोरची मंडळी ओरडून साथ देतायत आणि बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळतच नाही!

मोटाउन या रेकॉर्ड कंपनीनेही १९७० मध्ये अशा रेकॉर्ड्ससाठी ब्लॅक फोरम नावाचं वेगळं लेबल काढलं होतं, त्यावरच्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या भाषणाला ग्रॅमी मिळालं, तरी १९७३ ला ते लेबल बंदच झालं. गाण्यांवर एवढं कमावणाऱ्या कंपनीने ते चालू ठेवायलाच हवं होतं.