मदत हवी आहे: कॉकटेल (तुरेवाला छोटा पोपट) जाळीतून खातो, पण हात आत गेला की फुस्स करतो

राखाडी कॉकटेल आहे, दुकानदाराच्या म्हणण्यानुसार पाचेक महिन्यांचा. हाताने भरवलेला नाही, आईबापांनीच वाढवलेला. नर की मादी ते अजून कळत नाही. शेपटीखाली पिवळे पट्टे आहेत, पण या वयात ते दोघांनाही असतात.

पिंजरा हॉलमध्ये भिंतीला टेकवून, डोळ्यांच्या उंचीवर ठेवलाय. रात्री झाकतो. खाणंपिणं, शी व्यवस्थित, त्यामुळे आजारपणाची शंका नाही. पहिले काही दिवस हात लावायला गेलोच नाही, नुसतं शेजारी बसून बोलत राहिलो. आता राळ्याचं कणीस जाळीबाहेरून धरलं तर येऊन खातो, शीळ घातली की तुराही उभा करतो. तेच कणीस घेऊन हात दारातून आत नेला की तुरा डोक्याला चपटा, कोपऱ्यात जाऊन फुसफुस. तेव्हा हात हळूच मागे घेतो. टॉवेलने पकडून हाताळायचा सल्ला मिळालाय, तो मला पटत नाही.

अडचणी: नोकरीमुळे सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी तासभरच मिळतो. घरात मांजर-कुत्रा नाही. खोलीत सीलिंग फॅन आहे, तो बंद ठेवता येईल. दुसरा पक्षी सध्या आणायचा नाही.

आता पुढची पायरी कोणती? हात आत नेणं तूर्त थांबवून दार उघडं ठेवावं आणि त्याला स्वतःहून बाहेर येऊ द्यावं, की आधी आतच काठीवर चढायला शिकवावं? बाहेर आला आणि पडद्यावर जाऊन बसला, तर न पकडता परत कसा आणता? आणि ज्यांनी पंख न कापता असा पक्षी माणसाळवलाय, त्यांनी सुरुवात नेमकी कुठून केली?